वार पडायची वाट

“रिटेन्ड प्लासेंटा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे मूल झाल्यावर, नाळ जिला जोडलेली असते ती वार आतच अडकून राहणं. “बाळंत कधी झाली?”

“अर्धा तास झाला,” मी म्हणालो. तीन तास उलटून गेले होते.

माझी लेक सुजाता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कोल्हापूरजवळ आमचा म्हशींचा गोठा आहे. थोरल्या सुनेचं सिझेरियन झालं, म्हणजे पोट कापून मूल काढलं, तेव्हापासून मला दवाखान्याची धास्ती. लेकीचं घरीच करायचं, हे मी ठरवलं. आरोग्य खात्याच्या आशाताई गरोदर बायांच्या नोंदीला आल्या, तर ‘सासरी गेली’ म्हणून सांगितलं. सुजाता आतून ऐकत होती.

सकाळी सातला मुलगा झाला. तासाभरानं सुईण अक्काताई बाहेर आल्या.

“आबा, गाडी बोलवा. वार पडंना. माझ्या हातचं न्हाय हे.”

“म्हशीची जार दुपारपतूर पडती की. थांबा जरा.”

“ही म्हस हाय व्हय?”

मी थांबवलंच. चाळीस वर्षं गोठा सांभाळला होता, मला सगळं कळत होतं. साडेनऊला रक्तानं गोधडी भिजली, तेव्हा गाडी बोलावली.

दवाखान्यात बसवेना. दारापर्यंत जायचं, परत यायचं. रक्ताच्या पिशव्या आत जात होत्या. पोस्टपार्टम हॅमरेज, म्हणजे बाळंतपणानंतर न थांबणारा रक्तस्राव. दुपारी डॉक्टरीणबाईंनी हिस्टरेक्टॉमी केली, गर्भाशय काढलं. लेक वाचली. ज्यांनी रक्त दिलं, त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत.

नंतर आरोग्य खात्याच्या चौकशीत मी लिहून दिलं: मुलीचीच इच्छा होती, सुईणीनं उशीर केला. त्यानंतर अक्काताईंना बाळाला तेल लावायलाही कुणी बोलावलं नाही.

गावात वाद झाले. कुणी म्हणे घरच्या बाळंतपणावर बंदी घाला, कुणी म्हणे बाईची मर्जी. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, “घरी बाळंत होणं गुन्हा नाही, काका. पण ठरवणारी ती असावी, आणि गाडी दारात असावी.” मी मान हलवली. सुजाताला मी कधी विचारलंच नव्हतं.

तुमच्या घरात कुणी गरोदर असेल, तर तिला विचारा. वार अर्ध्या तासात पडली नाही, तर थांबू नका.

दोन वर्षांनी हा खरा जबाब लिहून आधी सुजाताला वाचून दाखवला. नातू तिच्या मांडीवर होता.

“एक राहिलं, आबा,” ती म्हणाली. “मी काय म्हटलं, ते न्हाय यात.”

म्हणून लिहितो. आठ वाजता, अक्काताईंच्या मागोमाग, आतून सुजाताचा आवाज आला होता: “आबा, मला दवाखान्यात न्या.” मी ऐकलं होतं.