धाकटीच्या हातच्या वड्या

आमच्या घरच्या दिवाळीच्या जेवणात काय काय असायचं ते मला अजून तोंडपाठ आहे. चिन्नोर तांदळाचा भात, सुवाऱ्या म्हणजे पुऱ्या, उडदाचे वडे, कोहळ्याची भाजी आणि गुळाची खीर. लढाईचे दिवस होते, साखर मिळत नव्हती. मिळाली असती तरी सासूबाईंनी गूळच घातला असता, ती गोष्ट वेगळी. पण पंगतीत बसलेल्या सगळ्यांचा डोळा असायचा तो कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्यांवर, आणि त्या वड्या माझ्या होत्या.

माझ्या म्हणजे माझ्याच. आमगावच्या अलीकडच्या त्या गावात मी सून म्हणून आले तेव्हापासून दुसऱ्या कोणी त्यांना हात लावला नव्हता. परसातली पानं मीच खुडायची, शिरा मीच सोलायची, वाटलेली डाळ मीच फासायची. वळकट्या वाफवून, कापून जवसाच्या तेलात सोडल्या की वास अंगणापर्यंत जायचा. माझे सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणायचो, ते अबोल गृहस्थ. पुढ्यात आलं ते खायचे आणि हात धुवायचे. बरं-वाईट काही बोलायचे नाहीत. फक्त दिवाळीला वड्या मागून घ्यायचे. "अजून दोन आणा," एवढंच. लोकांना हे काहीच वाटणार नाही, पण मी त्या तीन शब्दांवर वर्षभर फुगून असायची.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि बाघ नदीच्या पलीकडची एक पोरगी माझी जाऊ होऊन आली. हसरी, बोलकी, कामात धांदरट. तिचं धांदरटपण सगळ्यांना गोड वाटायचं, याचाच मला राग. दुधाचं भांडं सांडलं तर सासूबाई म्हणायच्या, "जाऊ दे व, लहान हाय." मी तिच्याच वयाची होते तेव्हा या घरात मी लहान आहे हे कोणाच्या लक्षात आल्याचं मला आठवत नाही.

दिवाळीच्या सकाळी मी पानं खुडून आणली तर सासूबाईंनी टोपली माझ्या हातून घेतली.

"यंदा वड्या धाकटीले करू दे. तू सुवाऱ्या तळ."

"काऊन?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तिची पहिली दिवाळी हाय. बिरानीत तिच्या हातचं काही पडाले नोको का?"

बिरानी म्हणजे पूर्वजांचा घास. आमच्या पोवारांत सणाचं सगळं रांधून झालं की गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडून त्यात प्रत्येक पदार्थाचा कण टाकतात. पूर्वज जेवले की मग घर जेवतं. तोपर्यंत रांधणारीनंसुद्धा काही चाखायचं नाही, मीठही हाताच्या अंदाजानं घालायचं. आता पूर्वजांच्या पुढे मी काय बोलणार? भांडून उपयोग नव्हता. पण बिरानीत तिच्या हातच्या सुवाऱ्या पडल्या असत्या तर चाललं नसतं का, असं मनात येऊन जळफळाट झाला. मी कढई उचलून मागच्या पडवीत गेले आणि तिच्याकडे पाठ करून बसले. ती काय करते ते मला पाहायचंच नव्हतं. पडवीत तिचं हसू ऐकू येत होतं आणि माझ्या सुवाऱ्या करपत होत्या.

बिरानी झाली, पुरुषांची पंगत बसली. पळसाच्या पत्रावळींवर डोक्यावरचा पदर सांभाळत मीच वाढत होते. मामाजींनी वडीचा तुकडा मोडला, खाल्ला, आणि पाण्याचा लोटा उचलला. तिखट झाली वाटतं, मी म्हटलं मनात, बरं झालं. धाकटे दीर काही बोलायला गेले, तर मामाजींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दीर खाली मान घालून खाऊ लागले. माझे यजमानही मुकाट्यानं खात होते. वरणात मीठ कमी पडलं तर माझ्यापुढे पत्रावळ सरकवणारा तो माणूस.

मग मामाजी दाराआड उभ्या असलेल्या धाकटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अजून दोन आणा. बेस झाल्या."

बेस झाल्या! माझ्या वड्यांना त्यांनी कधी बेस म्हटलं नव्हतं. मी त्यांना दोन वाढल्या, त्यांनी त्या दोन्ही संपवल्या. पदरामुळे माझं तोंड कोणाला दिसलं नाही, हे चांगलं झालं.

पुरुष उठल्यावर आम्ही तिघी बसलो. मी पहिल्यांदा वडीच तोंडात घातली. कशी बेस झाली ते मला कळायलाच हवं होतं. घास गिळला आणि घशात काटे उभे राहिले. जीभ, टाळू, कानाच्या आतपर्यंत नुसती खाज. कोचईच्या पानाला चिंच लावली नाही तर ते घसा धरतं, आणि दिवाळीपर्यंत जून झालेलं पान तर जास्तच. धाकटीनं चिंच घातलीच नव्हती. तिच्या माहेरी वड्या आंबट ताकाच्या कढीत सोडतात, आंबटपणा तिथून येतो. आमच्याकडे कोरड्याच वाढतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि चाखायला तर बंदीच.

तिनंही घास खाल्ला. तिचा चेहरा उतरला, डोळे भरून आले.

"मोठेबाई, हे तं घसा धरते व. आन मामाजीनं मांगून खाल्ल्या!"

"पहिली दिवाळी हाय तुही," सासूबाई पाणी पीत म्हणाल्या. "तुले वाईट वाटू नये म्हनून खाल्ल्या. बापासारखा मानूस हाय तो."

धाकटी रडता रडता हसायला लागली. मला ते हसू पाहवेना.

"आन माह्या पहिल्या दिवाळीले?" मी विचारलं.

"तुह्या हातचं कवा बिघडलंच नाही, बाई," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ते खरंच कौतुकानं म्हटलं, आणि वर माझ्या पानात खीर वाढली.

माझ्यासाठी त्या घरात कोणाला कधी घसा खाजवून घ्यावा लागला नव्हता. लागला असता तर मामाजींनी घेतला असता का, हे मला आजही माहीत नाही.