टबातली जलपर्णी
जलपर्णी पाण्यातून ओढली की तिच्या मुळांना कुजका, गंजल्यासारखा वास येतो. परवा चेन्नईजवळ एन्नोरच्या ओढ्यावर तो वास आला आणि गिंडीच्या आमच्या घराची गच्ची आठवली. आई गेल्यावर वडिलांना मी साताऱ्याहून चेन्नईला आणलं होतं. त्यांना तमिळ येत नव्हतं आणि मी दिवसभर प्रयोगशाळेत. गच्चीवर ओढ्याच्या पाण्याचा टब भरून मी त्यात जलपर्णी सोडली होती. तिची मुळं किती शिसं शोषतात, त्यावरून ओढ्याचं प्रदूषण जोखायचं होतं. एका दुपारी लवकर परतलो, तर वडील तांब्याने टबातलं पाणी उपसत होते आणि शेजारी नळाच्या पाण्याची बादली होती. "पिवळी पडत होती रे, म्हणून रोज थोडं थोडं बदलतो," ते खुशीत म्हणाले, "बघ, या पोरीने आज मान वर केली." मी म्हणालो, "बाबा, ती जगवायला ठेवलेली नाही. सगळं काम वाया घालवलंत. कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" तांब्या खाली ठेवत ते म्हणाले, "इथे मला सांगणारं कोण आहे?" त्यानंतर ते गच्चीवर आले नाहीत. मी ओढ्यावर एकच फेरी मारून पुन्हा पाणी आणलं, नवी जलपर्णी ठरल्याप्रमाणे पिवळी पडली, आकडे बरोबर आले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आणि एक गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही. त्या दुपारी जिना चढताना मला त्यांचा आवाज ऐकू आला होता. आज आमटी खारट झाली, असं ते त्या टबाला सांगत होते. ते ऐकूनही मी वर जाऊन ओरडलो.