आजोबांच्या फोटोवरचा कांदा

मुलांनो, गेल्या उन्हाळ्यात मला भिंतीला काय म्हणतात ते आठवेनासं झालं होतं, असं तुमच्या मामाने तुम्हाला सांगितलं आहे. ते खरं नाही. भिंतीला भिंत म्हणतात हे मला तेव्हाही ठाऊक होतं. काय झालं ते क्रमाने सांगते, कारण आपल्या घराण्यात क्रमाने सांगणारी मी एकटीच आहे.

तुमच्या मामेभावाचं जर्मनीत लग्न ठरलं. मुलगी तिथेच वाढलेली, पण घराणं मूळचं अफगाणिस्तानातलं. घरात तिची आजी आहे आणि त्या आजींना फारसीखेरीज काही येत नाही. मुलगी मला फोनवर इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही बोला, मी आजीला सांगत जाईन." मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण दोन आज्यांच्या बोलण्यात इंग्रजी कशाला? फारसी शिकायची असं मी ठरवलं.

चंद्रपुरात फारसी शिकवणारं कोणी सापडलं नाही, म्हणून मोबाइलवर वर्ग लावला आणि वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. सकाळी क्रियापदं, दुपारी ऐकण्याचा सराव, लिपी पुढच्या महिन्यात. सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की दुपारी बारापर्यंत फारसीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही. मग घरातल्या वस्तूंवर त्यांची फारसी नावं देवनागरीत लिहून चिठ्ठ्या लावल्या.

तिथे घोटाळा झाला. भिंतीवर लिहिलं 'दीवार'. मिठाच्या बरणीवर 'नमक'. कांद्याच्या टोपलीवर 'पियाज'. फारसी ही अशीच आहे, त्याला मी काय करू?

पहिली चिडली ती स्वयंपाकाची बाई. ती धानोऱ्याकडची, घरी गोंडी बोलते आणि आमच्याशी झाडी बोली.

"बाई, मले मीठ ओळखू येत नाई का? चिठ्ठ्या काऊन चिटकवून राह्यल्या?"

मी बारा वाजेपर्यंत हातवारे केले आणि बारा वाजता तिला नीट समजावलं. ओघात मोबाइलवरच्या वर्गातल्या आमच्या मास्तरांनी शिकवलेलंही सांगितलं. फारसीच्या शेजारी बलुची बोलतात, ती फारसीची बहीण. पण त्याच मुलखात ब्राहुई म्हणून एक भाषा आहे, ती मात्र गोंडी आणि तेलुगूच्या कुळातली. "तुम्ही दुधाला पाल म्हणता, सिरोंच्याकडे तेलुगूत पालू म्हणतात, आणि तिथले लोकही जवळपास तेच म्हणतात."

ती लाटणं थांबवून म्हणाली, "आमचेच लोक व्हय? मंग इतक्या दूर कायले गेले?"

"ते कोणालाच नक्की माहीत नाही."

"लगनाले येतीन का?"

"नाही. त्यांचा या लग्नाशी काही संबंध नाही."

"मंग सांगून काऊन राह्यल्या?" ती म्हणाली आणि तव्यावरची पोळी उलटली.

खरं संकट आलं ते कूलरमुळे. मे महिन्यात आपल्याकडे कुठलीही चिकटपट्टी टिकत नाही. उन्हाने सुटते, नाहीतर कोळशाच्या धुळीने. कूलर सुरू झाला की चिठ्ठ्या घरभर उडायच्या आणि वाटेल तिथे जाऊन चिकटायच्या. संध्याकाळी मी त्या पुन्हा जागच्या जागी लावत असे. वेळापत्रकात तशी सोय होती. एक दिवस त्या वेळेच्या आधीच शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या. त्या दिवशी आरशावर 'नमक' होतं, आणि तुमच्या आजोबांच्या फोटोवर, चंदनाच्या हाराच्या मधोमध, 'पियाज'.

वहिनींनी विरजण तसंच ठेवलं आणि अंगणात जाऊन मामाला पुण्याला फोन लावला. त्यांचा आवाज पहिल्यापासूनच मोठा, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. "भाऊ, तुमच्या आईचं काई खरं नाई. भितीवर दीवार लिहून राह्यल्या. अन् साहेबांच्या फोटोले कांदा म्हणून राह्यल्या!"

सोमवारी सकाळी मामा दारात हजर. नागपूरच्या डॉक्टरांची दुसऱ्या दिवसाची वेळ घेतलेली, पुण्याच्या घरातली मागची खोली माझ्यासाठी रिकामी केलेली. मला कायमचं घेऊन जायचं असं ठरवूनच तो आला होता. मी लग्न होऊन या घरात आले, तुमच्या आजोबांच्या मागेही इथेच राहिले. इथली कुठली खिडकी कधी उघडायची ते मला माहीत आहे. पुण्याच्या मागच्या खोलीला खिडकी आहे की नाही तेसुद्धा मला आठवेना. हे एक खरंच आठवेना.

पण तेव्हा बारा वाजायचे होते. आणि फारसीचं मी त्याला फोनवर सांगितलं होतं, तेव्हा त्याने न ऐकताच "हो हो आई" केलं होतं. त्यामुळे नियम मोडायची मला काही गरज वाटली नाही.

तो माझ्यासमोर बसला, अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, आज वार कोणता?"

"दोशंबे," मी म्हणाले. बरोबर उत्तर होतं.

त्याचा चेहरा उतरला. "आई, मी कोण?"

"पेसरे मन." म्हणजे माझा मुलगा. तेही बरोबर.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. बाई त्याला म्हणत होती, "बारा वाजू द्या भाऊ, मंग सुधरते त्यायची तब्येत."

बारा वाजले. मी त्याला मराठीत सगळं सांगितलं. ते ऐकून त्याला जास्तच धक्का बसला.

"फारसी? या वयात? चंद्रपुरात?"

"मग कुठे जाऊन शिकू?"

"आई, दीवार हिंदी आहे."

"फारसी आहे. हिंदीने तो शब्द घेतला."

"नमक हिंदी आहे. आई, प्याज तर सगळ्यांना माहीत आहे!" आणि मग माझा हात धरून, "आपण उद्या फक्त दाखवून येऊ. मग थोडे दिवस पुण्याला."

थोडे दिवस म्हणजे काय ते मला कळत होतं. घराला कुलूप लागलं की ते पुन्हा उघडत नाही. मी इतकंच म्हटलं, की संध्याकाळी त्या आजींशी बोलायचं ठरलं आहे, तेवढं होऊ दे.

संध्याकाळी मोबाइलच्या पडद्यावर आजी आल्या. डोक्यावर पांढरी ओढणी, समोर चहा. मामा माझ्या शेजारी खुर्ची ओढून पहाऱ्याला बसला.

"खैर-खैरियत अस्त? जानेतान जोर अस्त?" आजींनी खुशाली विचारली.

मीही खुशाली विचारायचं पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवलं, "हालेतून चेतोरे?"

त्या नातीकडे वळून हसत सुटल्या. नात म्हणाली, "आजी म्हणते, तुम्ही इराणी बोलता!" आमचे मास्तर तेहरानचे. धानोऱ्याला जाऊन कोणी पुण्याच्या मराठीत बातम्या वाचून दाखवाव्यात तसं माझं झालं होतं.

मग भाज्यांवर आलो. पालकाला मी जिवापाड पाठ केलेला शब्द वापरला, 'एस्फेनाज'. आजींनी कपाळाला आठ्या घातल्या. मी पिशवीतली जुडी काढून दाखवली.

"पालक!" आजी ओरडल्या.

बटाट्याला मी 'सीबजमिनी' म्हटलं, त्या म्हणाल्या 'कचालू'. खुर्चीला मी 'संदली' म्हटलं, त्या म्हणाल्या 'चौकी'. त्यांची फारसी आपल्या बाजूची. कित्येक शब्द इकडूनच तिकडे गेलेले. जे मी रात्रंदिवस घोकलं ते त्यांना नको होतं, आणि जे मला आधीपासून येत होतं ते चालत होतं. मामा कुजबुजला, "आई, कचालू मला कळलं."

मग आजींनी माझ्यामागची खिडकी पाहिली, अंगणातला पेरू पाहिला. जरा वेळाने विचारलं, "खाना-ए खुदेतान अस्त?"

तुमचं स्वतःचं घर आहे?

मी "बले" म्हटलं. हो, माझं स्वतःचं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मुलाने आपल्याला इथे आणलं, असं सावकाश, मला कळेल अशा बेताने सांगितलं. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, खोली उबदार आहे. मग पडद्यातून थेट मामाकडे बघत म्हणाल्या, "खाना-ए खुद चीज-ए दिगर अस्त."

कोणी भाषांतर केलं नाही. मामा सरकारी कचेरीत इतकी वर्षं काढलेला माणूस. दवाखाना, कारखाना, खुद्द, 'वेगळं' या अर्थाचं दीगर, हे सगळे शब्द त्याच्या रोजच्या कागदांतले. त्याने त्या म्हाताऱ्या बाईला हात जोडले.

फोन संपल्यावर तो अंगणात गेला आणि त्याने मामीला फोन लावला. मी चिठ्ठ्या गोळा करत होते, तरी ऐकू येत होतं.

"नाही, उद्याचं रद्द कर... नाही, येत नाहीये ती. खोलीत तुझं कपाट परत ठेव... अगं, मी त्या आजींशी... नाही, इंग्रजीत नाही, फारसीत... हो, मला कळलं. सगळं नाही, घराचं तेवढं कळलं."

पलीकडून मामी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण मामा चिडून म्हणाला, "मला कशाला डॉक्टर? मला काय झालंय?"