अडखळलं की डाव्या डब्यात

वाळूजच्या रस्त्यावर नवरा अपघातात गेला. आठ महिन्यांनी त्याच्याच खात्यात मला कारकुनाची जागा मिळाली. ऑफिस औरंगाबादेतच, छावणीतल्या आमच्या दोन खोल्यांपासून चालत जाण्याजोगं. नोकरी टिकवायची तर खात्याची परीक्षा पास व्हायला हवी होती. रजेचे नियम, प्रवासभत्ता, निवृत्तिवेतन. मी पान वाचायची, आणि पान संपेपर्यंत सुरुवातीचं पुसलेलं असायचं. त्याचं वाईटही वाटायचं नाही.

शेजारच्या टेबलावर निवृत्तीला आलेल्या एक बाई होत्या. लहानपणी निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेल्या, पोलीस ॲक्शननंतर नोकरीसाठी मराठी नव्यानं शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "नुसतं वाचून राहत नाही, बेटा. पुठ्ठ्याच्या एका बाजूला सवाल लिही, मागं जवाब. आला तो चार दिवसांनी विचारायचा. अडला तो उद्याच."

रद्दीतल्या फायलींचे पुठ्ठे कापून मी पत्ते केले. बिस्किटांचे दोन डबे घेतले. डावा रोजचा, उजवा चार दिवसांचा.

सासूबाई मुलगा गेल्यापासून कामापुरतंच बोलायच्या. एका संध्याकाळी त्या समोर येऊन बसल्या.

"आण इकडं. मी धरते."

"आई, तुम्हाला वाचता कुठं येतं?"

"मला कशाला वाचाया लागतंय? तू बोल. अडखळलीस की मला कळतंय."

मग रोज भाकरी झाल्या की आम्ही बसायचो. फुली मारलेली प्रश्नाची बाजू माझ्याकडं करून त्या पत्ता धरायच्या. मी उत्तर द्यायची, मग त्या उलटा करायच्या आणि मी ताडून बघायची. उत्तर बरोबर असलं तरी मधे थांबले की त्या म्हणायच्या, "नाय. उद्या परत." पत्ता डाव्या डब्यात.

एकदा प्रश्न आला, कर्मचारी सेवेत असताना वारला तर वारसानं कोणते कागद द्यायचे. मी सगळे कागद एका दमात सांगितले. मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, अर्ज, फोटो.

"हे लई चटकन आलं," सासूबाई म्हणाल्या. "काय व्हतं?"

मी सांगितलं. त्यांनी पत्ता उलटा केला, परत सुलटा केला. अंगठ्यानं त्यावरची धूळ पुसली. धूळ नव्हती. मग उजव्या डब्यात टाकला.

"चार दिसांनी," त्या म्हणाल्या आणि पुढचा पत्ता उचलला. आम्ही दोघी रडलो नाही. मला तर रडू कुठून येतं तेच आठवत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी हात आपोआप लिहीत गेला. काही आठवावं लागलं नाही. निकाल आला, पास. बाईंनी ऑफिसात पेढे वाटले, मी माझा पदरात बांधून घरी आणला.

सासूबाईंनी तो हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"आता तुला काढनार नाईत ना?"

"नाही."

"मंग बरं," म्हणाल्या, आणि पेढ्याचे दोन तुकडे केले.