पोटाला चिकटलेला तांब्या

माझा जीव एका हट्टी तांब्याने वाचवला.

नगरजवळच्या नागापुरात आज कारखाने आहेत. चाळीसच्या दशकात तिथे आमची ज्वारी होती आणि मी अकरा-बारा वर्षांची होते. माझ्या पोटात उजवीकडे अधूनमधून कळ यायची, ओकारी व्हायची आणि मग सगळं थांबायचं. थांबलं की मी चिंचेच्या झाडावर. त्यामुळे माझ्या दुखण्यावर घरात कोणाचाच विश्वास नव्हता. एका सकाळी मात्र मी अंगणात गडबडा लोळायला लागले, आणि आत्याने जाहीर केलं की पोरीची बेंबी सरकली.

बेंबी बसवण्यात आत्याचा हातखंडा होता. पोटावर पेटती पणती ठेवायची, वर तांब्या उपडा घालायचा. पणती विझते, तांब्या कातडी ओढून धरतो, थोड्या वेळाने सुटतो आणि बेंबी जागेवर येते. माझा तांब्या सुटेचना. आत्याने ओढला, आईने ओढला, मग दोघींनी मिळून ओढला, तर त्याच्याबरोबर मीच वर उचलले गेले. जीव जात होता तरी मला हसू फुटलं, आणि हसले की आणखी दुखे.

नुसत्या पोटदुखीसाठी वडिलांनी गाडी जुंपली नसती. पण पोटाला तांब्या लागलेली लग्नाची पोर गावाने पाहिली तर, या धास्तीने त्यांनी मला घोंगडीत गुंडाळून थेट नगरला नेलं. वाटेत भेटलेल्यांना आत्या सांगत होती की पोटात वारा धरलाय.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काठाखाली बोट सरकवलं आणि तांब्या अलगद निघाला. आम्ही घरी जायला उठलो. त्या मात्र माझं ओटीपोट चाचपत राहिल्या आणि त्यांचं हसू मावळलं. अंडाशयावर गाठ वाढली होती आणि सगळंच देठाशी पिळलं गेलं होतं. ताबडतोब ऑपरेशन झालं. ते अंडाशय काळं पडलेलं, काढावंच लागलं. उशीर झाला असता तर पोरगी हाती लागली नसती, असं बाई म्हणाल्या.

आत्याने तांब्या छातीशी धरून विचारलं, "बाई, हिला पोर व्हईल का?"

"दुसरं अंडाशय चांगलं आहे. होईल की."

आत्या तिथेच मटकन बसली आणि ढसाढसा रडली.

पुढे मला मुलगी झाली. आत्याने तिला त्याच तांब्याने न्हाऊ घातलं. पण तिच्या पोटात जरा कळ आली, की आत्या तांब्याकडे बघायचीसुद्धा नाही. आधी गाडी जुंपायला लावायची.