तुळशीराम नदीत उतरला नाही, त्या साली

आमच्या सावरगावात तुळशीरामसारखा हसरा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शिडीवर चढून संत्री तोडता तोडता खालच्या बायांना असा हसवायचा, की टोपल्या भरायच्या राहून जात. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, तोच तुळशीराम वाघ व्हायचा. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवायचं, त्यावर झेंडा. पलीकडून पांढुर्ण्याचे तो न्यायला येणार, अलीकडून आम्ही दगडांनी अडवणार. ब्याऐंशी साल असेल, एक गोटा त्याच्या कानशिलावर बसला. चंडीमायच्या देवळातली राख लावली, जखम भरली.

पुढं त्याला फेफरं येऊ लागलं. शिडीवर चढणं सुटलं. आम्ही चप्पल हुंगवायचो, कांदा हुंगवायचो. म्हातारे म्हणाले, जखमेपायी एक साल खेळला नाही म्हणून चंडीमाय रागावली, यंदा नदीत उतर. त्यालाही पटलं. बायको मनकर्णा मात्र सुकत चालली. पाण्यात झटका आला तर?

त्याच पावसाळ्यात नागपूरहून डॉक्टर लोक आले. मिरगी कशानं होते, टाळता येते का, याचा अभ्यास करत घरोघर फिरत होते. छायाबाई नावाच्या डॉक्टरीणबाईंनी तुळशीरामच्या ओट्यावर बसून विचारलं, "डोक्याला कधी मार लागला होता?"

"बाई, ह्या गावात ज्याले लागला नाही तो शोधा. लवकर घरी जासान."

बाईही हसल्या. मग त्याचं कानशील चाचपून म्हणाल्या, "मार लागलेल्या सगळ्यांना मिरगी होत नाही. पण काहींच्या मेंदूवर वण राहतो, त्यातून झटके येतात. कोणाला आणि का, तेच आम्ही शोधतोय. तुम्ही रोज गोळी घ्या, आणि दुसरा मार लागू देऊ नका."

"म्हणजे गोटमार?"

"म्हणजे गोटमार."

गोळी तो कधी घ्यायचा, कधी विसरायचा. पोळ्याला बैल धुता धुता म्हणाला, "उद्या खेळाले जाऊन राहिलो मी."

मनकर्णा पांढुर्ण्याची लेक. बैलांची पूजा झाली आणि ती पूल ओलांडून माहेरी गेली. भाऊ श्रावण तिकडचा पट्टीचा फेकणारा, अंगणात गोटे जमवत होता.

"दादा, उद्या तुयाच हातचा दगड त्याइले लागला तं?"

श्रावणनं हातातला गोटा एकदा उलटापालटा करून पाहिला.

दुसऱ्या दिवशी ढोल सुरू झाले. तुळशीराम डोक्याला फडकं बांधून निघतो, तर दारात श्रावण! ओट्यावर ऐसपैस बसला.

"भाऊजी, मी खेळत नाही. तुमी बी नका खेळू. इकडचा एक कमी, तिकडचा एक कमी."

"भेला काय बे, साळ्या?"

"भेलो ना. बहिणीले."

तुळशीराम चिडून नदीकडं वळला आणि अंगणातच कोसळला. मी चप्पल घेऊन धावलो. मनकर्णानं ती माझ्या हातून हिसकून फेकली, डॉक्टरीणबाईंनी जाताना शिकवलं होतं तसं त्याला कुशीवर वळवलं, पदराची घडी डोक्याखाली दिली. नदी तिथून दिसत होती. सगळ्यांनी एकदा तिकडं पाहिलं.

बऱ्याच वेळानं तो शुद्धीवर आला. "झेंडा?"

पलीकडून पांढुर्णेवाल्यांचा जयजयकार अख्ख्या गावाला ऐकू येत होता. श्रावण चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणाला, "राहिला ना, भाऊजी. तुमचाच."

"मंग ठीक आहे," तुळशीराम म्हणाला, आणि गोळीसाठी मनकर्णापुढं हात पसरला.