पिवळ्या प्रतींचे हंगाम

कॉलेजच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा हंगामवार इतिहास लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, ते मी कुणी इतिहासकार आहे म्हणून नव्हे. कागद माझ्या घरात होते, एवढंच. २०२० च्या मार्चमध्ये कॉलेज बंद झालं, त्याच्या आदल्या दिवशी स्पोर्ट्स ऑफिसातून फोन आला, की स्टोअर रूम रिकामी करतोय, तुमच्या स्कोअरशीटची खोकी घेऊन जा, नाहीतर कचऱ्यात जातील. मी आणि नवऱ्याने सात खोकी डब्लिनच्या टॅला भागातल्या आमच्या घरी आणली. गरम पाण्याच्या टाकीभोवती कपडे वाळत घालायचं जे कपाट इथे असतं, त्या हॉट प्रेसमध्ये ती कशीबशी बसली. पुढे वर्षभर आमचे टॉवेल खुर्च्यांवर वाळले आणि त्यावरून मी रोज बोलणी खाल्ली.

सामने बंद पडल्यावर कॉलेजला इतिहासाची आठवण झाली. वेबसाइटवर टाकायला नवीन काही नव्हतं, तेव्हा जुनं टाकू या, असा हिशोब. ऑफिसने एक कोरा तक्ता पाठवला: हंगाम, सामने, विजय, पराभव, कोच. भरून द्या म्हणाले.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मागोमाग मी डब्लिनला आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. नागपूरला कॉलेजच्या संघातून खेळले होते. घरात बसून डोकं फिरायला लागलं, तेव्हा एक दिवस त्या कॉलेजच्या जिममध्ये जाऊन विचारलं, काही मदत हवी आहे का. कोचनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि स्कोअरच्या टेबलावर बसवलं. तिथून मी उठलेच नाही. पोटात पोर होती तेव्हाही तिथेच होते.

टेबलावरचं काम साधं असतं आणि त्यात चुकायला जागा नसते. शीटवर दोन्ही संघांसाठी एकपासून आकडे छापलेले असतात. बास्केट झालं की नव्या बेरजेवर तिरकी रेघ मारायची आणि शेजारी खेळाडूचा नंबर लिहायचा. तीन पॉइंटचं बास्केट असेल तर त्या नंबराभोवती गोल करायचा. शेवटी रेफरीने सही केली की संपलं. मग देव आला तरी निकाल बदलत नाही. कार्बनच्या प्रती निघतात. गुलाबी प्रत जिंकलेल्याला, पिवळी हरलेल्याला. आमची खोकी उघडली तेव्हा वाचायचीही गरज नव्हती. सगळीकडे पिवळंच पिवळं, मधूनच कुठेतरी गुलाबी.

आकडे माझ्याकडे होते, पण हंगाम कोचकडे होते. ते निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. बायको गेल्यावर ते त्यांच्या मूळ गावाकडे, पोर्टलीशजवळ परतले आणि २०२० च्या उन्हाळ्यात तिथल्याच एका नर्सिंग होममध्ये दाखल झाले. विसरायला लागले होते. गॅस चालू ठेवून फिरायला जायचे. मी त्यांच्या पुतणीला विचारून दर गुरुवारी दुपारी तीनला फोन करायचं ठरवलं. केरळची एक नर्स फोन जोडून त्यांच्या हातात द्यायची आणि आपली बाकीची कामं उरकत राहायची.

ते हंगाम सालाने सांगायचे नाहीत. त्यांची आपली नावं होती. छत गळलं तो हंगाम. मिनीबस ट्रलीच्या रस्त्यात बंद पडली तो हंगाम. संघ ढकलत ढकलत वेळेवर पोचला आणि थकून चाळीस पॉइंटनी हरला. दोन भाऊ एकमेकांना पास द्यायचे नाहीत तो हंगाम. मी शीट चाळून साल शोधायचे आणि तक्ता भरायचे. फोनवर त्यांचा आवाज जुनाच होता, खर्जातला, सगळ्याला इथल्या पद्धतीने "ग्रँड", म्हणजे ठीक, म्हणणारा. काल काय जेवले ते त्यांना आठवत नव्हतं, पण वीस वर्षांपूर्वीच्या बदली खेळाडूच्या गुडघ्याचं ऑपरेशन आठवत होतं. मला वाटलं, हे काम मजेत होईल.

मग माझ्या तिसऱ्या हंगामावर आलो. त्याचं त्यांच्याकडे एकच नाव होतं: मी घालवलेली फायनल.

ती फायनल मलाही पाठ होती. कॉलेजच्या इतिहासात संघ एकदाच तिथवर पोचला. आम्ही आठ पॉइंटनी पुढे होतो. शेवटची चार मिनिटं राहिली असताना कोचनी आपल्या सगळ्यात उंच खेळाडूला बाहेर बसवलं. त्याचे चार फाऊल झाले होते, पाचव्याला तो सामन्यातूनच बाद झाला असता, म्हणून शेवटासाठी राखून ठेवला. तेवढ्यात आघाडी वितळली आणि आम्ही एका पॉइंटने हरलो. त्या दिवसापासून कोच बदलले. सरावाला यायचे, पण मुलांना ओरडायचे नाहीत. तीन वर्षांनी सोडलंच.

"हा हंगाम सोडून दे," ते फोनवर म्हणाले. "त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मी त्या पोराला बाहेर काढलं. बस, एवढंच झालं."

फोन ठेवल्यावर मी ती शीट काढली. माझंच अक्षर. सहज बेरीज तपासायला बसले आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये हात थांबला. आमच्या अकरा नंबरच्या खेळाडूच्या आकड्याभोवती व्यवस्थित गोल होता, म्हणजे तीन पॉइंट. त्याच्या आधीची बेरीज एक्केचाळीस. माझी तिरकी रेघ होती त्रेचाळीसवर.

मी तीनदा मोजलं. मग मुलीकडून मोजून घेतलं. मग नवऱ्याकडून. एक पॉइंट कमी. पुढचे सगळे आकडे त्या चुकीवर उभे होते.

आणि कशी झाली तेही लख्ख आठवलं. तो शॉट फार सुंदर होता. टेबलावरच्या माणसाने टाळी वाजवायची नसते, तो कुठल्याच संघाचा नसतो. तीन वर्षांत मी बोटही हलवलं नव्हतं. त्या वेळी मी गोल केला, पेन ठेवलं आणि टाळी वाजवली. कोचनी वळून माझ्याकडे बघितलं, मी ओशाळले, घाईने पेन उचललं आणि रेघ मारली. हॉलचा विजेचा स्कोअरबोर्ड त्या दिवशी बिघडला होता. शेजारचा माणूस मी सांगेन ते आकड्यांचं पान उलटत होता. मी त्रेचाळीस म्हटलं, त्याने त्रेचाळीस केलं. आमच्या बाकावर हिशोब ठेवणारा त्या दिवशी आजारी होता. बाकी कुणी मोजलं नाही. सामन्यानंतर शीट पुन्हा तपासणं हे माझं काम होतं. हरल्यावर ते मी केलं नाही, मी रडत बसले होते.

"अगं, ठीक आहे ना," नवरा म्हणाला. "एक पॉइंट मिळाला असता तर टाय झाली असती. एक्स्ट्रा टाइम. जिंकलोच असतो असं कुठंय? आता अकरा वर्षांनी त्यांना सांगून काय मिळणार?"

मुलगी म्हणाली, "आई, यू हॅव टू टेल हिम. ही थिंक्स इट्स हिज फॉल्ट."

बारा वर्षांच्या पोरीला जे एका वाक्यात कळलं ते मला कळत नव्हतं असं नाही. पण हे समोर बसून सांगायचं होतं, आणि ऑक्टोबर संपत आला होता. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती. पोर्टलीश नकाशावर तासाभराचं, आणि नर्सिंग होममध्ये तर पुतणीलाही सोडत नव्हते. सगळं सुरळीत होईपर्यंत थांबावं, तर ते तोवर विसरतील ही भीती. त्यांना समजेल अशा अवस्थेत ते असताना समजायला हवं होतं, दुसरं मला काही नको होतं. निदान तेव्हा तरी मला तसंच वाटत होतं.

पुढच्या गुरुवारी मी सांगितलं. गोल, रेघ, टाळी, सगळं. मग ते हसले. "म्हणजे आपण हरलो नव्हतो," ते म्हणाले. आणि मग, "तू ग्रँड आहेस. विसर ते." मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन ओक्साबोक्शी रडले. अंगातून ताप उतरावा तसं वाटलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी मी विचारलं, आज कुठला हंगाम घ्यायचा. ते म्हणाले, "मी घालवलेली फायनल तेवढी सोडून कुठलाही."

मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा आश्चर्यचकित झाले, पुन्हा हसले, पुन्हा माफ केलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाटी कोरी. एकदा म्हणाले, चुका सगळ्यांच्याच होतात. एकदा म्हणाले, बिचारी, किती वर्षं तुला हे छळत असेल. मला काही छळत नव्हतं, मला तर महिन्यापूर्वी कळलं होतं, पण ते सांगायला तोंड उघडेना. हळूहळू माझं सांगणं सराईत होत गेलं. कुठे थांबायचं, टाळीचा भाग कुठे आणायचा, हे मला जमायला लागलं. स्वतःची किळस यायची.

डिसेंबरात एका गुरुवारी ठरवलं की आज नाही सांगायचं. काय उपयोग. त्या दिवशी त्यांनी पाऊण तास फक्त त्या उंच पोराचं नाव घेतलं. त्याला बाकावर बसवलं तेव्हा त्याने कोचकडे कसं बघितलं, तेवढंच पुन्हा पुन्हा. नर्सने फोन घेतला तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, आज ते जेवणार नाहीत." त्यानंतर मी एकही गुरुवार चुकवला नाही. दर आठवड्याला तासभर त्यांच्या डोक्यावरून ते ओझं उतरवायचं आणि सात दिवसांनी ते परत चढलेलं बघायचं. यापेक्षा जास्त माझ्या हातात काही नव्हतं.

तक्त्यात २०२०–२१ चीही ओळ होती. सामने शून्य, विजय शून्य, पराभव शून्य. एवढा चांगला हंगाम कोचच्या काळात एकही झाला नव्हता. त्यांना सांगितलं तर ते खो खो हसले. जानेवारी होता तो.

फेब्रुवारीत एका गुरुवारी त्यांचा आवाज वेगळा लागला. स्वच्छ, टाइमआउटमध्ये असायचा तसा. मी नेहमीचं सुरू केलं आणि त्यांनी मला मध्येच अडवलं.

"थांब. गोल होता?"

"होता."

"आणि आधीची बेरीज?"

"एक्केचाळीस."

"तू टाळी वाजवलीस," ते म्हणाले. "मला आठवतंय. मी बघितलं होतं तुझ्याकडे."

हे त्यांनी यापूर्वी कधी म्हटलं नव्हतं.

"सामन्यानंतर शीट तपासली नाहीस?"

"नाही."

"ते तुझं काम होतं."

"हो."

"अकरा वर्षं," ते म्हणाले. "मी त्या पोराच्या लग्नाला गेलो नाही. तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून. अकरा वर्षं मी झोपताना तोच विचार केला, आणि तुझ्या घरात तो कागद पडून होता." कागद कॉलेजच्या स्टोअरमध्ये होता, पण मी तसं म्हटलं नाही. मी सॉरी म्हटलं. फोन नर्सच्या हातात गेल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, ते थकलेत.

आठवडाभर मी पुढच्या गुरुवारची वाट बघत होते. खरं सांगते, ते विसरलेले असोत अशी मनातून इच्छा होती. पण त्या गुरुवारी त्यांना ताप होता, बोलणं झालं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी फोन केला तेव्हा ते गेल्याला दोन दिवस झाले होते. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. मी लॅपटॉपवर बघितला. कॅमेरा चर्चच्या एका कोपऱ्यात वर कुठेतरी लावलेला, शवपेटी अर्धीच दिसत होती.

तक्ता भरून दिला. त्या हंगामापुढे मी लिहिलं: फायनलमध्ये एका पॉइंटने पराभव, स्कोअररच्या चुकीमुळे. ऑफिसचं उत्तर आलं की खूप सुंदर काम झालंय, फक्त शेरे काढले आहेत, वेबसाइटवर त्यासाठी रकाना नाही.

मे महिन्यात दुसऱ्या काउंटीत जायची मुभा मिळाली, तेव्हा मी पोर्टलीशला गेले. कबरीवर फुलं ठेवली आणि मग नर्सिंग होमच्या दाराशी उभं राहून त्या नर्सला बाहेर बोलावलं. इतके महिने तिचा फक्त आवाज ऐकला होता. मी तिच्यासाठी बेसनाचे लाडू नेले होते. ती डबा धरून उभी राहिली आणि बोलत सुटली.

"शेवटचे दहा-बारा दिवस ते फार वेगळे होते, मॅडम. चहा घेऊन जाईल त्या प्रत्येकाला सांगायचे, टेबलावर एक बाई होती, तिने एक पॉइंट कमी लिहिला. त्या मुलाला मी बरोबरच बाहेर काढलं होतं, असं म्हणायचे. तापातसुद्धा तेच. बाकी सगळं विसरले, पण हे नाही विसरले. फार रागावले होते त्या बाईवर. कोण होती ती, तुम्हाला माहीत आहे?"

म्हणजे मला जे त्यांच्यापर्यंत पोचवायचं होतं ते पोचलं होतं, आणि टिकलंही होतं. याआधीच्या सगळ्या माफ्या विसरणाऱ्या माणसाने दिल्या होत्या. लक्षात ठेवणाऱ्याने दिली नाही.

"मीच ती," मी म्हटलं.

ती बिचारी गोंधळली. डबा या हातातून त्या हातात घेतला. "नाही, नाही, तसं नाही मॅडम," ती म्हणाली. "एवढे काही रागावले नव्हते. शेवटी शेवटी तर शांतच होते."

मी तिचा हात धरला. "असं नका म्हणू," मी म्हटलं. "रागावले होते, असंच म्हणा."